मलमाच्या जुन्या डबीचा माग

खानदेशातलं एखादं जुनं धाब्याचं घर पाडायला काढलं, की सागवानी तुळया, कोरीव चौकटी आणि पितळी भांडी यांची बोली आधी लागते. फडताळातल्या आणि कोनाड्यांतल्या चिनी मातीच्या लहानशा डब्या मात्र मातीसोबत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जातात. या डब्यांत कधीकाळी मलम होतं. कुणाच्या चिघळलेल्या जखमेसाठी, कुणाच्या खरजेसाठी, कुणाच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी ते विकत आणलेलं होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या माणसांना काय दुखत होतं आणि त्यावर ती काय लावत होती, हे सांगणाऱ्या वस्तू थोड्याच उरल्या आहेत. मलमाची डबी ही त्यांपैकी एक.

इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, म्हणजे १८३७ ते १९०१ या वर्षांतल्या, अशा डब्या जमवणारे पुष्कळ लोक आहेत. जळगाव-धुळ्याकडे राहून हाच छंद कसा करता येईल, ते इथे पायरीपायरीने पाहू. त्याला पैसा फार लागत नाही, जागाही एका फळीपुरती पुरते. लागतो तो धीर आणि एक वही. डबी मिळाली म्हणजे निम्मं काम झालं. ती कुठल्या गावातून, कुठल्या घरातून आली आणि कशासाठी वापरली जात होती, हे लिहून ठेवलं की मगच तो आपल्या भागाचा पुरावा होतो.

पहिली पायरी : डबी इथवर आली कशी, ते समजून घ्या

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. धुळे हे जिल्ह्याचं ठाणं झालं. १८६० च्या दशकात रेल्वे आली आणि भुसावळ हे रेल्वेचं मोठं गाव बनलं. तिथे युरोपीय आणि अँग्लो-इंडियन नोकरदारांची वसाहत उभी राहिली. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर विलायती माल मुंबईला लवकर पोचू लागला. १९०० साली चाळीसगाव-धुळे हा रेल्वेचा फाटाही सुरू झाला.

या वाटेनं पेटंट औषधंही येत. पेटंट औषध म्हणजे कारखान्यात तयार होणारं, ठरावीक नावानं आणि जाहिरातीच्या जोरावर विकलं जाणारं औषध. मुंबईत केम्प आणि ट्रीचर यांसारख्या औषधविक्रेत्या कंपन्या होत्या. केम्प्स कॉर्नर हे नाव त्या केम्पचंच. कापसाचा व्यापारी, वकील, मामलेदार, स्टेशनमास्तर यांच्यापैकी कुणी मुंबईला जाई आणि येताना डबी आणी, किंवा टपालानं मागवी.

म्हणून शोधाला निघण्याआधी आपल्या तालुक्याचा नकाशा समोर ठेवा. रेल्वे स्थानक, जुनी कचेरी, दवाखाना, कापसाची पेठ आणि जिनिंग कुठे कुठे होतं, त्यावर खुणा करा. डब्या सापडण्याची शक्यता त्या आसपासच्या घरांत जास्त.

दुसरी पायरी : तीन प्रकार ओळखा

पहिला प्रकार चिनी मातीच्या डबीचा. ही साधारण दोन-तीन बोटं उंच, पांढरी किंवा किंचित पिवळसर, आणि तिच्या अंगावर काळ्या वा निळ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर. सगळ्यांत प्रसिद्ध नाव होलोवेचं. टॉमस होलोवे या लंडनच्या उद्योजकानं १८३७ च्या सुमारास मलम विकायला सुरुवात केली आणि जाहिरातींवर अमाप खर्च करून ते जगभर पोचवलं. ते वापरण्याच्या सूचना हिंदुस्थानातल्या बऱ्याच देशी भाषांतही छापल्या जात. क्लार्कचं ‘मिरॅक्युलस साल्व्ह’ आणि ब्रिडपोर्ट गावचं ‘पुअर मॅन्स फ्रेंड’ ही त्याच जातीची आणखी दोन नावं.

याच प्रकारात टूथपेस्टच्या आणि कोल्ड क्रीमच्या चपट्या डब्या येतात. त्यांचं झाकण वेगळं असतं आणि सगळी छपाई झाकणावर असते. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये सुपारीची टूथपेस्ट फार चालायची. तेव्हा झाकणावर ‘अरेका नट’ अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर चक्रावू नका. ती आपलीच सुपारी.

दुसरा प्रकार काचेच्या बरण्यांचा. अमृतांजन १८९३ साली मुंबईत सुरू झालं. झंडूचा कारखाना १९१० चा, तर अफगाण स्नो १९१९ चा. यांच्या जुन्या काचेच्या बरण्या आणि बाटल्या आपल्याकडे चिनी मातीच्या डब्यांपेक्षा सहज मिळतात. नवख्यानं सुरुवात यांच्यापासून करावी.

तिसरा प्रकार पत्र्याच्या डब्यांचा. झामबक हे मलम इंग्लंडमध्ये १९०२ साली निघालं. अशा बाम-मलमांच्या गोल चपट्या डब्या शिवणाच्या पेटीत सुया ठेवायला किंवा देवघरात कापूर ठेवायला हमखास वापरल्या गेल्या आहेत.

इथे बहुतेकांची एक फसगत होते. चिनी मातीच्या उभ्या डबीला झाकण दिसत नाही, म्हणून ती अपुरी समजून लोक सोडून देतात. अशा पुष्कळ डब्यांना मुळात झाकण नसायचंच. तोंडावर कागद किंवा पातळ चामडं ताणून दोऱ्यानं बांधत. तो दोरा अडकावा म्हणूनच काठ बाहेर वळवलेला असतो. काठ तसा असेल तर आपल्या हातातली डबी पूर्ण आहे.

तिसरी पायरी : शोध घरातून सुरू करा

इंग्लंडमध्ये हा छंद बराचसा खणण्यावर चालतो. तिथल्या गावांनी कोळशाच्या राखेसोबत कचरा गावाबाहेर पुरला होता आणि त्यात डब्या शाबूत राहिल्या. आपल्याकडे रिकामी डबी फेकायची रीत नव्हती. ती काजळाला, हिंगाला, चुन्याला, कुंकवाला वापरली गेली. त्यामुळे आपला शोध घराघरांतून होतो. कुदळ लागत नाही.

आधी स्वतःच्या घरातलं फडताळ, माळा, देवघराचा खण आणि आजीची शिवणाची पेटी पाहा. मग नातेवाइकांची घरं. त्यानंतर वैद्यांची जुनी घरं, पिढीजात किराणा आणि अत्तराची दुकानं, बंद पडलेले दवाखाने. चोपडा, पारोळा, एरंडोल, धरणगाव, अमळनेर, शिरपूर, दोंडाईचा या जुन्या पेठांच्या गावांत अशी घरं अजून उभी आहेत.

भंगारवाल्या भाऊंशी ओळख ठेवा. आपल्याला काय हवं ते सांगण्यापेक्षा फोटो दाखवा. फोटो पाहिला की त्यांच्या लक्षात राहतं. डबी मिळाली की लगेच विचारा : ‘भाऊ, हा माल कुठल्या गावचा? कुठल्या गल्लीतला?’ दिवस मावळेपर्यंत दहा घरांचा माल एकत्र होतो आणि मग त्यांनाही सांगता येत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना घाई करू नका. ‘जुनं काही विकायचं आहे का?’ असं विचारलं की माणसं सावध होतात. ‘आजी, पूर्वी खरूज झाली, पाय भाजला, तर काय लावायचे?’ असं विचारलं की गोष्टी निघतात, आणि त्या गोष्टींच्या ओघात डबीही बाहेर येते. तिला बाजारात किंमत आहे, हे आपल्याला ठाऊक असेल तर ते मालकाला स्पष्ट सांगा. आजीला ती द्यायची नसेल, तर फोटो आणि माहिती घेऊन समाधान माना. तीही संग्रहातली पूर्ण नोंद असते.

चौथी पायरी : उघडण्याआधी हातमोजे घाला

ही पायरी कृपा करून गाळू नका. जुन्या मलमांत पारा आणि शिसं यांची संयुगं सर्रास असत. खरूज, उवा आणि गुप्तरोग यांवर पाऱ्याचं मलम लावत. दुखण्यावरच्या लेपांत अफू किंवा बेलाडोना ही विषारी वनस्पती असे. तेल सुकलं, वास उडाला, तरी पारा आणि शिसं जात नाही.

डबीत वाळलेला थर दिसला तर तो नखानं किंवा सुईनं खरवडू नका, हुंगू नका, बोटाला लावून पाहू नका. रबरी हातमोजे घाला, डबी झाकणाच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा, पिशवीवर ‘आत जुनं औषध आहे’ असं लिहा आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. अशी डबी पुन्हा खाण्याच्या कामाला कधीही वापरायची नाही, चटणी-सुपारीलासुद्धा नाही.

डबीत लाल पूड असेल तर ते जुनं कुंकू असू शकतं. पूर्वी कुंकवात हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचंच एक संयुग, मिसळलं जाई. तिथेही हीच काळजी.

पाचवी पायरी : माती की काच, ते ठरवा

मोबाइलची बॅटरी डबीच्या आतून लावा आणि बाहेरून पाहा. उजेड अंगातून पाझरला तर ती उंची चिनी माती, म्हणजे पोर्सिलीन, किंवा दुधी काच. उजेड अजिबात आला नाही तर ते मातीचं भांडं, ज्यावर काचेसारखा चकचकीत लेप दिला आहे. या लेपाला झिलई म्हणतात. मलमाच्या व्हिक्टोरियन डब्या बहुतेक या दुसऱ्या जातीच्या असतात.

आता तळ पाहा. तळाच्या कडेला झिलई नसलेली खरखरीत पट्टी असते. तिच्यावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब शोषला गेला तर आतली माती सच्छिद्र आहे. काही जुने लोक जीभ लावून पाहतात. औषधाच्या डबीला ते करू नका.

दुधी काचेची बरणी चिनी मातीची समजली जाणं ही नेहमीची गडबड आहे. काचेच्या बरणीच्या अंगावर उभी, केसाएवढी उंचावलेली रेघ बोटाला लागते. ती साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची खूण. मातीच्या डबीवर ती नसते. तसंच, टवका उडालेला असेल तर काचेचा टवका आतही चकचकीत दिसतो, मातीचा मंद आणि खरखरीत.

सहावी पायरी : छपाई भिंगातून वाचा

जळगावच्या सराफ बाजारात सराफ डोळ्याला लावून खडा पाहतात, ते दहा पट मोठं दाखवणारं भिंग विकत घ्या. या छंदातली एवढीच मोठी खरेदी.

जुनी छपाई कशी होत असे, ते कळलं की खरी डबी ओळखणं सोपं जातं. तांब्याच्या पत्र्यावर मजकूर आणि चित्र कोरत. त्या कोरीव रेषांत शाई भरून पातळ कागदावर तिचा ठसा घेत. तो ओला कागद एकदा भाजलेल्या, पण झिलई न दिलेल्या डबीवर दाबून शाई मातीत उतरवत आणि कागद धुऊन काढत. मग वरून झिलई देऊन डबी पुन्हा भट्टीत घालत. म्हणजे अक्षरं झिलईच्या खाली बंद झाली.

यातून तीन खुणा मिळतात. पहिली, बोट फिरवलं तर अक्षरांची कड लागत नाही. दुसरी, भिंगातून पाहिलं तर हातानं कोरलेल्या लहानमोठ्या रेषा आणि अनियमित ठिपके दिसतात. तिसरी, गोल डबीभोवती गुंडाळलेल्या कागदाची दोन टोकं जिथे मिळत, तिथे रेघ तुटलेली, सरकलेली किंवा सुरकुतलेली दिसते. ही चूक पाहून डबी हिणकस समजू नका. ती त्या पद्धतीची सहीच आहे.

होलोवेच्या डबीवर बसलेली देवी आणि खांबाला विळखा घातलेला साप दिसतो. ती हायजिया, ग्रीकांची आरोग्यदेवता. खाली बारीक अक्षरांत कोणकोणत्या रोगांवर हे मलम चालतं, त्याची लांबलचक यादी असते. ती पूर्ण उतरवून घ्या. एकाच मलमानं संधिवातापासून जुनाट जखमांपर्यंत सगळं बरं होतं, असा दावा तेव्हा बिनदिक्कत छापता येत होता, हे तिथे आपल्याच डोळ्यांनी वाचायला मिळतं.

सातवी पायरी : साल ठरवा

साल ठरवायला पत्ता फार उपयोगी पडतो. होलोवेच्या डबीवर ‘२४४, स्ट्रँड’ असा पत्ता असेल तर ती १८६७ पर्यंतची. ‘५३३, ऑक्सफर्ड स्ट्रीट’ असेल तर १८६७ नंतरची आणि १८८१ पर्यंतची. ‘७८, न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीट’ असेल तर त्यानंतरची.

तळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची चौकोनी खूण असेल, तर तो नमुना १८४२ ते १८८३ या काळात इंग्लंडच्या सरकारी दफ्तरी नोंदवलेला. १८८४ पासून त्या जागी ‘आरडी नंबर’ आणि पुढे आकडा येतो. ही तारीख नमुन्याच्या नोंदणीची असते. प्रत्यक्ष डबी नंतर कितीतरी वर्षं बनत राहिलेली असू शकते.

‘इंग्लंड’ असा नुसता शब्द असेल तर डबी साधारण १८९१ नंतरची, कारण अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे मालावर देशाचं नाव घालणं तेव्हापासून सुरू झालं. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर बहुधा विसाव्या शतकातली. पण उलट धरू नका. देशाचं नाव नाही म्हणून डबी १८९१ आधीची, असं सिद्ध होत नाही.

देशी डब्यांसाठी आपल्याच इतिहासाच्या तारखा कामी येतात. किंमत आण्यांत असेल तर लेबल १९५७ च्या आधीचं. ‘न. पै.’, म्हणजे नये पैसे, असेल तर १९५७ ते १९६४ या दरम्यानचं. वजन तोळ्यांत वा औंसांत असेल तर साधारण १९६० च्या आसपासचं किंवा त्याआधीचं. ग्रॅममध्ये असेल तर बहुधा नंतरचं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. ‘पूर्व खानदेश’ किंवा ‘पश्चिम खानदेश’ लिहिलं असेल तर १९०६ च्या विभाजनानंतरचं आणि साधारण १९६० पर्यंतचं. शहाद्याच्या किंवा नंदुरबारच्या पत्त्यापुढे ‘जि. धुळे’ असेल तर ते १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा होण्याआधीचं.

औषध परवान्याचा क्रमांक छापलेला असेल तर लेबल १९४० च्या औषध कायद्यानंतरचं. आणि ‘स्थापना १८९३’ अशी अक्षरं दिसली की तेच डबीचं साल समजायचं, ही नवख्यांची फार जुनी चूक. ते कंपनीचं साल आहे. डबी काल-परवाचीही असेल.

एका खुणेवर भिस्त ठेवू नका. निदान दोन खुणा जुळल्या तरच साल लिहा. एरवी ‘१९५७ पूर्वी’ किंवा ‘१८८१ नंतर’ एवढंच लिहा. अशी सावध नोंद पुढच्या अभ्यासकाला जास्त उपयोगी पडते.

आठवी पायरी : नक्कल आणि जोडतोड तपासा

व्हिक्टोरियन डब्यांच्या नकला बाजारात आहेत. नवीन पांढऱ्या डबीवर जुना मजकूर चिकटछापानं उतरवतात आणि चहाच्या पाण्यात घालून ती मळकट करतात. अशा डबीवर बोट फिरवलं की अक्षरांभोवतीच्या पातळ पापुद्र्याची कड लागते. उजेडात तिरकी धरली की तेवढाच भाग वेगळा चमकतो. भिंगाखाली ठिपके एकसारख्या ओळींत दिसतात, हल्लीच्या छापील फोटोत दिसतात तसे.

झीज कुठे आहे, तेही पाहा. खऱ्या डबीचा तळ शंभर वर्षं फळीवर सरकून झिजलेला असतो आणि त्यावरचे ओरखडे सगळ्या दिशांना जातात. नकली डबी अंगभर सारखी मळकट, पण तळाला कोरीकरकरीत असते.

जोडतोड हा दुसरा धोका. एका डबीचं झाकण दुसरीवर बसवून ‘पूर्ण’ म्हणून विकतात. झाकण फिरवून पाहा. ते अडखळत असेल, फार ढिलं असेल किंवा दोन्हींच्या पांढऱ्या रंगाची छटा वेगळी असेल, तर शंका घ्या. डागडुजी ओळखायला डबी बोटाच्या टोकावर तोलून नखानं हलकेच टिचकी मारा. शाबूत डबी स्वच्छ वाजते. तडा असेल, सांधा असेल, तर आवाज बसका येतो.

आंतरजालावर एखाद्या डबीला मोठी किंमत दिसली, म्हणून आपल्या हातातलीही तेवढ्याची, असं धरू नका. रंग, आकार, मजकुरातला एक शब्द यानं भाव कितीतरी बदलतो. विक्रेत्यानं मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष विकली गेल्याची किंमत यांतही मोठं अंतर असतं.

नववी पायरी : कमीत कमी साफ करा

सगळ्यांत जास्त डब्या बिघडतात त्या साफ करताना. नियम सोपा आहे : शंका आली की थांबा.

मऊ, कोरड्या ब्रशनं आधी धूळ झटका. मग झिलईवर बारीक जाळीसारख्या भेगा आहेत का, ते भिंगातून पाहा. आतली माती आणि वरची झिलई वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात-प्रसरतात, म्हणून अशा भेगा पडतात. भेगा असतील तर डबी पाण्यात बुडवू नका. पाणी भेगांतून मातीत शिरतं, आतलं जुनं तेल वर आणतं आणि पिवळा डाग आणखी पसरतो. ओलसर सुती कापडानं पुसा, तेवढं पुरे.

भेगा नसतील तर कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून बोटानं धुवा. हे पाणी बोअरचं नको. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातला क्षार वाळल्यावर पांढरा थर धरतो आणि तो काढताना झिलई जाते. बॅटरीसाठी मिळणारं शुद्ध पाणी वापरा. मे महिन्यात उन्हानं तापलेली डबी थंड पाण्यात घालू नका. तडकण्याची शक्यता असते.

चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पावडर, घरात फरशीला वापरायचं ॲसिड आणि कपड्यांचं ब्लीच यांतलं काहीही लावू नका. कागदी लेबल असेल तर पाणी अजिबात नको. पत्र्याच्या डबीवरचा गंज कोरड्या सुती कापडानं पुसा. रंग जिथे सुटला आहे तिथे हातही लावू नका.

दहावी पायरी : वहीत नोंद करा

धुळ्यात बसून या पायरीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या घरांतली दप्तरं त्यांनी मिळवली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडांमागून खंड प्रसिद्ध केली. १९२६ साली धुळ्यातच त्यांचं निधन झालं. त्यानंतर त्यांच्या नावानं उभं राहिलेलं संशोधन मंडळ आजही शहरात आहे. कागद कुठे मिळाला, कुणाकडे मिळाला, हे कळल्याशिवाय त्यातून इतिहास उभा राहत नाही. वस्तूंचंही तसंच आहे.

प्रत्येक डबीला एक क्रमांक द्या. क्रमांक डबीवर शाईनं किंवा चिकटपट्टीनं टाकू नका. जाड कागदाची चिठ्ठी पांढऱ्या सुती दोऱ्यानं बांधा. तोच क्रमांक वहीत लिहा आणि पुढे या गोष्टी नोंदवा : सापडल्याची तारीख, गाव, तालुका आणि घरातली जागा, देणाऱ्याशी झालेलं बोलणं, उंची आणि तोंडाची रुंदी मिलिमीटरमध्ये, पूर्ण मजकूर, टवके आणि तडे, सालाचा अंदाज आणि तो कशावरून.

नमुन्यादाखल एक नोंद अशी असेल : ‘क्र. ७. पांढरी मातीची डबी, काळी छपाई, काठ बाहेर वळलेला. अमळनेर तालुका. स्वयंपाकघराच्या कोनाड्यात हिंग ठेवायला वापरत. घरातल्या आजींच्या सासऱ्यांच्या वेळची, असं त्या सांगतात. काठाला एक टवका. पत्त्यावरून १८८१ नंतरची.’

यात ‘असं त्या सांगतात’ हे शब्द महत्त्वाचे. ऐकलेलं आणि स्वतः तपासलेलं वेगळं ठेवायचं. देणाऱ्याचं नाव लिहायचं असेल तर त्यांना विचारून लिहा. डबीचे चार फोटो काढा : समोरून, मागून, तळ आणि आतला भाग. शेजारी मोजपट्टी ठेवायला विसरू नका. पुढे त्या फोटोवरून माप काढता येतं.

अकरावी पायरी : जपून ठेवा

खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. आत मलम उरलेलं असेल तर ते या उष्णतेनं पातळ होऊन भेगांत शिरतं. म्हणून डब्या पत्र्याच्या छताखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीतल्या कपाटात ठेवू नका. घरातली सगळ्यांत थंड, आतली भिंत निवडा.

काचेची दारं असलेलं कपाट धूळ अडवतं. फळीवर धुतलेलं सुती कापड अंथरा. डबीवर डबी रचू नका. वर्तमानपत्रात गुंडाळू नका; त्याची शाई आणि आम्ल उतरतं. पत्र्याच्या आणि लेबल असलेल्या डब्या पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. जुन्या घरात वाळवीची भीती असेल तर लाकडी कपाटापेक्षा लोखंडी बरं.

बारावी पायरी : कायदा माहीत करून घ्या

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची, शंभर वर्षांहून जुनी वस्तू ‘पुरावस्तू’ ठरू शकते. मूर्ती, चित्रं, हस्तलिखितं अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातल्या संग्राहकाला जुनी डबी टपालानं पाठवण्याआधी हे लक्षात घ्या.

जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. किल्ले, लेणी, जुन्या वसाहतींची टेकाडं इथे उकरणं गुन्हा आहेच, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे मातीच्या थरांतला पुरावा कायमचा विस्कटतो. आपला छंद जमिनीच्या वरच ठेवा.

शेवटची पायरी : संग्रह लोकांपुढे आणा

पुण्याचे दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि आपलं संग्रहालय महाराष्ट्र शासनाच्या हाती दिलं. आपल्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांनी आपल्या घरात चित्रं, शिल्पं आणि जुन्या वस्तू जमवल्या होत्या. रेल्वे स्थानकाजवळचं ते घर आज संग्रहालय म्हणून पाहता येतं. या दोन्ही ठिकाणी जाऊन या. साधी वस्तू मांडावी कशी, ते पाहूनच कळतं.

वीसेक डब्यांच्या नोंदी झाल्या की त्या गावांनुसार आणि सालांनुसार लावून पाहा. विलायती डब्या कुठल्या गावांत थांबल्या, देशी बाम कधीपासून वाढले, कुठल्या दुखण्याचं मलम कुठे जास्त आलं, हे हळूहळू दिसू लागेल. ही माहिती गावच्या शाळेत मांडा, महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला दाखवा, वहीची एक प्रत ग्रंथालयात ठेवा. मुलांनी ती पाहिली की दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरांतून आणखी डब्यांची बातमी येते.

आपल्यानंतर संग्रह कुणाकडे जावा, तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि डब्या व वही एकत्रच द्याव्यात, अशी सूचना करा. त्या वेगळ्या झाल्या तर डब्या नुसत्या जुन्या दिसतील. सोबत राहिल्या, तर शंभर वर्षांनी कुणी खानदेशातल्या आजारांचा आणि औषधांचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याला आपल्या वहीपासून सुरुवात करता येईल.